घरातल्या दर्याची पूजा

"हात कोपरापर्यंत. साबण नको."

काचेच्या टाकीजवळ जाणाऱ्या प्रत्येकाला काका हेच सांगत. जावयालाही सांगितलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत.

बोरिवलीत ते आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहत. गिरणीच्या रंगखात्यात होते. संपानंतर घरी बसले आणि बाहेरच्या खोलीत समुद्र पाळला. अशी माणसं तुमच्याही बिल्डिंगीत असतील. पाळण्याच्या वस्तू वेगळ्या. टाकीत दोन नारिंगी मासे आणि एक समुद्रफूल होतं, म्हणजे दगडाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा जीव. पहिलं समुद्रफूल पितळी चिमट्याने गेलं होतं. पाण्यात तांब्याचा अंश उतरला की ते मरतं. "मीच मारलं," ते पत्ता सांगावा तसं सांगत.

पाणी मनोरीची एक कोळीण आणून देई, मासळीच्या पाटीबरोबर कॅनमधून. पावसात किनाऱ्याचं पाणी गोडं होतं, म्हणून मे महिन्यातच ते दोन पिंपं भरून ठेवत.

त्या नारळी पौर्णिमेला एकच पिंप उरलं होतं. कोळीण करंज्या घेऊन आली तेव्हा दार उघडं होतं आणि ते आंघोळीला गेले होते. बाहेर येऊन पाहतात तर पाण्यात कुंकू, आणि वाळूवर जुना तांब्याचा पैसा.

"तुमचे घरान दर्या हाय. आजचे दिवशी त्याला उपाशी ठेवू?" ती म्हणाली. "आनि हात धुतले हां, कोपरापरत!"

न सांगता हात धुणारी ती पहिलीच.

"बरं केलंस गं बाई," ते म्हणाले. ती जिना उतरेपर्यंत थांबले, मग भिंतीवर थाप मारून मला बोलावलं.

समुद्रफूल मुठीसारखं मिटलं होतं. ते दगडासकट बादलीत ठेवलं, मासेही. पैसा काढला, टाकी उपसली, शेवटचं पिंप ओतून त्यांना परत आत सोडलं. तीन दिवस काका टाकीसमोर स्टुलावर बसून होते. मी विचारलं की म्हणत, "अजून वास नाही." वास आला की संपलं. चौथ्या दिवशी फूल उघडलं.

"तिला सांगा ना, काका. पुढच्या वर्षी परत टाकेल."

"काय सांगू? तुझ्या पूजेने मरतं म्हणून?"

पुढच्या वर्षी त्यांनी टाकीशेजारी समुद्राच्या पाण्याने भरलेली स्टीलची परात ठेवली. दर्याचं तोंड या बाजूला आहे, असं तिला गंभीरपणे सांगितलं. तिने मान डोलावली. त्यानंतर दर नारळी पौर्णिमेला पैसा परातीत पडला.

ते गेल्यावर मुलीने टाकी देऊन टाकली. पौर्णिमेला कोळीण आली. लादीवर टाकीच्या स्टँडच्या पायांचे चार गंजके ठसे होते.

"परातीन कुठला रं दर्याचा तोंड?" ती मला म्हणाली. "मना ठावं होता. म्हाताऱ्यानी माजा मान राखला, मी त्याचा."

तिने नारळ त्या चार ठशांच्या मधोमध ठेवला आणि हात जोडले.