सुपडूपुढची रिकामी जागा

महायुद्ध सुरू झाले त्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, धुळ्याच्या बाजारात सुपडू न्हाव्यावर अन्याय झाला. वेड्यांच्या इस्पितळातून तो बरा होऊन आला, पण त्याच्या वस्तऱ्याखाली कुणी बसेना.

बसले ते त्याला बरे करणारे डॉक्टर. रोग्याचे ऐकताना ते डोळे मिटत, म्हणून आम्ही त्यांना ‘झोपाळू डॉक्टर’ म्हणायचो.

“डॉक्टर, मृत्युपत्र केलं का?” गर्दीतून कुणी ओरडले.

“डाक्टरसाहेब, मना हात थरथरस,” सुपडू म्हणाला.

“मला कुठे घाई आहे?” म्हणत त्यांनी मान वर केली आणि नेहमीसारखे डोळे मिटले.

त्यांची ती गुळगुळीत हनुवटी अजून आठवते. त्यानंतरही तिथे ते एकटेच बसत आले; यंदा डॉक्टर वारले. सुपडूपुढची जागा पुन्हा रिकामी आहे. दाढी तुम्हालाही आहे ना? मग उद्या तिथे जाऊन बसा.