पियानोला भाता नसतो

माझा डावा हात पियानोवर टिकत नसे. वलगावच्या विहारात मी वडिलांकडून पेटी शिकलो, आणि पेटीवाल्याच्या डाव्या हाताला भाता हलवण्यापलीकडे काम नसतं. साठीला, नोकरी संपल्यावर, पियानोची हौस आली. पण सुरांची ओळ संपली रे संपली की डावा हात पट्ट्या सोडून हवेत जाई, नसलेला भाता हलवायला.

अकोल्याच्या एक बाई शिकवायच्या, पंचाहत्तरीच्या, सांधेदुखीनं बोटं आखडलेल्या. दर शनिवारी मी अमरावतीहून एसटीनं त्यांच्याकडे जाई. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "भाऊ, याले भाता नाई. हात कोठी चालला?" मी ओशाळलो. तरी हात गेलाच.

दोन वर्षांनी बाईंचं मुलीकडे नाशिकला जायचं ठरलं, पियानोसकट. मला एवढंच हवं होतं, की त्या जाण्याआधी एक तरी रचना दोन्ही हातांनी, पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांना ऐकवावी.

त्यांच्याकडे एक जाडजूड संग्रह होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, एकेक-दोनदोन पानांच्या रचनांचा. "तुमीच निवडा," म्हणाल्या. मी हावरटासारखं एक धावतं नृत्य निवडलं. दुसऱ्याच ओळीला हात उठला, सगळं कोसळलं. मग एक अंगाई घेतली. तीही गेली. तिसऱ्या शनिवारी माझं डोकं फिरलं.

"राहू द्या बाई. पेटीवाल्याचं हे काम नव्हे."

"काहून चिडून राहिले? पुढच्या शनिवारी या. तवरिक मी पायतो."

पुढच्या शनिवारी पुस्तक उघडूनच ठेवलेलं होतं. एका पानाची संथ रचना, गावाकडच्या गाण्यासारखी. मला ती फार सोपी वाटली, जरा रागही आला. पण घरी मुलाच्या जुन्या कीबोर्डवर महिनाभर तीच घोटली, आणि शेवटच्या शनिवारी अथपासून इतिपर्यंत वाजवली. कुठे अडलो नाही. बाईंनी चहा दिला आणि ते पुस्तकही दिलं. हात सुधारला म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत निघालो.

बसमध्ये पुस्तक चाळलं. पहिल्याच पानावर पेन्सिलीनं बारीक फुली आणि शेजारी लिहिलेलं, 'भाऊंचा हात इथं उठेल.' पुढे प्रत्येक रचनेत, ओळीओळीच्या शेवटी, नुसत्या फुल्या. माझ्या पानावर मात्र एकही फुली नव्हती. तिथं हर ओळीच्या शेवटी डाव्या हाताला विश्रांतीची खूण छापलेलीच होती. हात सुधारला नव्हता. तो उठतच होता, फक्त उठायच्या जागी उठत होता.

मला भर बसमध्ये रडू आलं. दुखऱ्या बोटांनी बाईंनी ते सबंध पुस्तक, माझा हात कुठे उठेल ते हेरत, वाजवून पाहिलं होतं.