मुरमाखालची जमीन

मांडवात आई उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "साहेब, त्या जागेचं पाणी लय वास मारतंय."

स्टेजवरच्या साहेबानं माईकवरूनच उत्तर दिलं. "मावशी, तुमच्या नाकाला वास कधीपासून कळायला लागला?"

मांडव हसला. पुढं खुर्च्यांवर बसलेले पांढरे कपडेवाले हसले. मागं सतरंजीवर आमची माणसं बसली होती, तीही हसली. साहेब हसला की आपण हसायचं, ही अंगात मुरलेली सवय. आई खाली बसली. मी तिला खेटून बसले होते, पण तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. सतरंजीची सुटलेली दशी ओढत राहिली.

त्या दिवशी आम्हाला घरकुलं जाहीर झाली.

आमची वस्ती गंगेच्या काठाला, तपोवनाच्या खालच्या अंगाला होती. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. वर रामकुंडात लोक पापं धुवायचे आणि ते पाणी आमच्या दारावरून पुढं जायचं. पूर आला की दारातून आतही यायचं. बहात्तरच्या दुष्काळात आईबाप चांदवडकडून इथं आले, तेव्हा मी आईच्या कडेवरून उतरले होते एवढंच. बाप मार्केटमध्ये कांद्याच्या गोण्या उचलायचा. आई बांधकामावर पाटी वाहायची. पत्रा, चिंध्या, बारदान यांचं आमचं घर. त्यामुळं विटांच्या भिंती आणि वर स्लॅब म्हटल्यावर आमची काय अवस्था झाली असेल, ते ज्यांच्या घरात कधी पूर शिरला नाही त्यांना नाही कळायचं.

जागा गावाबाहेर होती, कारखान्यांच्या मागं. आई ती मांडवाच्या आधीच बघून आली होती. तिथं पूर्वी दगडाची खदान होती. शेजारी सायकलींच्या सुट्या भागांना चकाकी चढवणारा एक कारखाना होता. त्याचा गाळ वर्षानुवर्षं त्या खदानीत ओतला गेला. पुढं कारखाना बंद पडला. मालक निघून गेला, गाळ राहिला. त्यावर मुरूम पसरला, रोलर फिरवला, आणि पाटी लावली. दुर्बल घटकांसाठी राखीव.

वसाहतीला नाव दिलं आमच्याच महापुरुषाचं. ते नाव पाटीवर असलं की आम्ही पाटीकडं बघून हात जोडतो, खाली बघत नाही. हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

आई त्याच घरांच्या पायावर कामाला लागली. स्वतःच्या घराचा पाया आपण खणतोय याचा तिला आनंद होता. मुरमाचा थर निघाला आणि खाली हिरवट पिवळी माती लागली. पावसाचं पाणी साचलं की डबकं हळदीसारखं दिसायचं. बाया अनवाणी त्यात उतरायच्या. मुकादमाच्या पायात गमबूट होते.

आधी आईच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. मग घोट्याला फोड आले. फोड फुटले आणि तिथं खड्डे पडले, खोल, गोल, कुणी सळईनं टोचावं तसे. ते भरेचनात. मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं टेबलापलीकडूनच पाहिलं.

"पाय धुता का कधी?"

"धुते ना डॉक्टर," आई म्हणाली. "कामावरून निघताना रोज धुते. तिथल्या हापशावर."

"मग साबण लावून धुवा. स्वच्छता पाळायची नाही आणि इथं यायचं."

आईनं मान हलवली. त्या हापशाचं पाणी पिवळं होतं. ती त्याच पाण्यानं पाय धूत होती, आणि दुसऱ्या दिवसापासून साबण लावून धुवायला लागली.

मी तेव्हा मास्तरणीच्या कोर्सला होते. वर्गात विज्ञानाच्या बाई आम्ल, क्षार शिकवायच्या. त्यांना मी त्या पाण्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "ते पाणी कुणी पिऊ नका. पण माझं नाव कुठं सांगू नकोस." एवढंच. मला तेवढं पुरेसं होतं.

मी आईला घेऊन कचेरीत गेले. मांडवात बोलला तोच साहेब होता. चहा ढवळत होता. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा म्हणाला नाही. आई पायाला फडकी गुंडाळून उभी. मी पाण्याचं सांगितलं, मातीचं सांगितलं, आईचे पाय दाखवले. त्यानं पायांकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

"तू शिकतेस ना? मग समजाव या लोकांना. फुकटात पक्कं घर मिळतंय."

"पण साहेब, जागा खराब आहे."

"अगं, मला माहीत आहे ना. ती जागा आधी आमच्या सोसायटीला देत होते. आम्ही नाही घेतली."

"का नाही घेतली?"

"खाली सगळा गाळ. आम्हाला मुलंबाळं आहेत."

असं म्हणून त्यानं चहाचा घोट घेतला.

तो लपवत नव्हता. घाबरला नव्हता. खोटं बोलला असता तर बरं वाटलं असतं, कारण खोटं बोलण्यासाठी समोर माणूस आहे असं तरी वाटावं लागतं. आमच्यासमोर तो खरं बोलला, जसं आपण गुरांसमोर काहीही बोलतो.

मी आईचा दंड धरला आणि म्हणाले, "साहेब, मी हिची मुलगी आहे."

"हो, मग?"

"मग आम्हालापण मुलंबाळं आहेत."

तो थोडा चपापला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "तसं नाही गं. तुम्ही लोक काटक असता."

"आम्हाला हे घर नको," मी म्हणाले. किती मोठ्यानं म्हणाले ते मला आजही सांगता येणार नाही. बाहेरच्या खोलीतले टाइपरायटर थांबले. "ज्या जमिनीवर तुमचं पोर झोपणार नाही, त्या जमिनीवर माझी आई झोपणार नाही."

"चल बाहेर हो," साहेब म्हणाला. "उपकाराची जाण नाही तुम्हाला."

बाहेर पायरीवर आई बसली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "मांडवात मला वाटलं, माझंच नाक खोटं."

वस्तीत मी सगळ्यांना सांगितलं. कुणी ऐकलं नाही. शेजारची शांतामावशी, जिनं मला लहानपणी भाकरी भरवली, ती माझ्यावर धावून आली. "तू शिकली तर आमच्या घराला नाट लावती व्हय? माझी नात पुरात वाहता वाहता राहिली, तवा कुठं व्हती तुझी शाळा?" तिचं खरं होतं. एकीकडं पूर, दुसरीकडं विष. निवड आमची म्हणायची, आणि मांडणी त्यांची.

बाप सगळ्यात जास्त चिडला. "भिंती पक्क्या हायेत. वर स्लॅब हाय. अजून काय पायजे तुला? बंगला?"

घर बापाच्या नावावर होतं. तेव्हा कळलं, नाही म्हणायलासुद्धा नावावर काहीतरी लागतं. बापानं किल्ली घेतली. आई गेली नाही. "माझ्या पायाला ती माती ठावं हाय," एवढंच म्हणाली. नदीकाठची झोपडी तोडपथकानं पाडली. आम्ही दोघी नाशिकरोडला एका पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहिलो. बाप सुट्टीच्या दिवशी जेवायला यायचा, गप्प जेवायचा, जायचा. त्याच्या हातावर चट्टे दिसायला लागले. आई विचारायची नाही, तो सांगायचा नाही.

एका उन्हाळ्यात तो भरदुपारी आला. हातात पत्र्याची पेटी.

"कुलूप लावून आलो," म्हणाला.

आईनं ताट वाढलं.

पुढं माझी शाळेत नोकरी लागली आणि मी पुन्हा त्या वसाहतीत जायला लागले. आता बाया स्वतःहून दार उघडायच्या. शांतामावशीनं नातीला माझ्यासमोर उभं केलं आणि तिचा फ्रॉक वर केला. पोटऱ्या, मांड्या, सगळीकडं तसेच गोल खड्डे. 'मी सांगितलं होतं' असं मी म्हणाले नाही. असं म्हणून जिंकायचं तरी कुणाला?

आम्ही निवेदनं दिली. पाणी पिऊ नका म्हणून हापशाला तांबडा रंग लावून गेले. टँकर सुरू केला. टँकर बंद झाला. साहेब बदलला. नवा साहेब म्हणाला, "दुसरी जागा शहरात शिल्लकच नाही."

जागा शिल्लक आहे. मी जाऊन पाहिली. गंगापूर रस्त्याकडं त्या साहेब लोकांच्या सोसायटीला जमीन मिळाली. काळी, स्वच्छ. विहिरीचं पाणी गोड. बंगल्यांपुढं पेरूची झाडं. आणि त्याच्या लगतचा मोठा तुकडा रिकामा पडलाय. कधीतरी पुढं बाग करायची आहे म्हणे, त्यांच्या मुलांना खेळायला.

परवा सकाळी आम्ही तिथं गेलो. बाया, म्हातारे, पोरं. शांतामावशीनं तीन दगड मांडले आणि चूल पेटवली. आईला रिक्षातून आणलं. तिनं चपला काढल्या, मातीवर पाय ठेवले, आणि कुणी सांगायच्या आत भाकरी थापायला बसली. बंगल्यांच्या गच्चीवर माणसं जमली. एक बाई ओरडली, "धुराचा त्रास होतो आम्हाला!" आमच्यातलं कुणी हसलं नाही. कुणी उठलंही नाही.

दुपारी पोलीस आले. फौजदार म्हणाला, "बाई, तुम्ही शिक्षिका आहात. नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"ही जागा तुम्हाला कुणी दिली?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "दिलेली जागा आम्ही राहून पाहिली. ही आम्ही ठरवलीय."

उद्या पोलिसांच्या गाड्या येणार आहेत असं कळलंय. येऊ देत. लाठ्या खाऊ, तुरुंगात जाऊ, सुटलो की सरळ इथंच परत येऊ. इथून फक्त एकाच ठिकाणी जायला आम्ही तयार आहोत, त्यांची मुलं ज्या मातीत खेळतात तशाच मातीत. तोवर चूल विझणार नाही.