आईच्या वांग्यांखालच्या नळ्या

सुरतजवळच्या कोसाडच्या शिवारात आमचं शेत होतं, हे सांगितलं की आजची मुलं हसतात. त्यांना तिथे नुसती घरं दिसतात. पण सुरत आणि खानदेश एकाच राज्यात होते तेव्हा माझ्या आजोबांनी गावची जमीन विकून इथली काळी जमीन घेतली, आणि पुढे सातबारावर मुलाऐवजी सुनेचं नाव लावलं. मुलाचा जीव कापडाच्या लूममध्ये, हे त्यांनी ओळखलं होतं. वडलांना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट आपण सेठाणीच्या घरी जेवतो, असं ते कारखानाभर सांगत फिरायचे.

शेत नहरच्या, म्हणजे कालव्याच्या, टोकाला. वरच्या उसाचं पोट भरलं की आमच्याकडे पाणी यायचं, म्हणजे बहुतेक वेळा यायचंच नाही. नव्वदीच्या दशकात ठिबकच्या नळ्यांना सबसिडी मिळते असं कळलं, तेव्हा आईने सगळ्यांच्या आधी अर्ज केला. अर्धे पैसे तिने भरले; उरलेले सबसिडीतून द्यायचे, या बोलीवर दुकानदाराने माल दिला. तपासणीत नापास झालो तर तो नळ्या गुंडाळून नेणार होता, आणि आईची उन्हाळी वांगी तिथेच संपली असती.

तपासणीला आलेले साहेब थेट वडलांशी बोलायला लागले. वडील म्हणाले, तिला विचारा. साहेबांना ते काही पटलं नाही. ते बांधावर उभे राहून शेत बघत राहिले आणि त्यांचं तोंड आंबट झालं. शेतात एक नळी दिसत नव्हती. नळ्या विकून खाणारे त्यांना बरेच भेटले असतील, पण माझ्या आईकडे कुणी त्या नजरेने बघावं, याचा मला भयंकर राग आला. मी तोंड उघडणार तोच आईने मला तिथेच बांधावरच्या चुलीवर चहा ठेवायला पिटाळलं.

खरं म्हणजे तहानलेले कावळे आणि खारी नळ्या फोडायच्या, म्हणून आईने त्या चार बोटं मातीखाली दडवल्या होत्या. वडील कुजबुजले, उकरून दाखव ना. आईने नाही म्हणून मान हलवली.

"उकरीसन दखाडं तं म्हनतीन, कालदिनच गाड्यात."

साहेब म्हणतील कालच पुरल्या, असं तिचं म्हणणं. मग ती साहेबांकडे वळून आपल्या खानदेशी गुजरातीत म्हणाली, "साहेब, लाइट आववा दो. पछी जे लखवुं होय ते लखो."

शेतीची लाइट दुपारी यायची. तोवर काही लिहू नका म्हटल्यामुळे साहेब चरफडत बसले, चहा प्याले, घड्याळ बघत राहिले. लाइट आली, आईने विहिरीवरची मोटर सुरू केली. बराच वेळ काहीच होईना. मग पहिल्या झाडाच्या बुंध्याशी माती काळी पडली. मग दुसऱ्या, तिसऱ्या. बघता बघता ओळीच्या ओळी, प्रत्येक वांग्याखाली भाकरीएवढा ओला गोल आणि मधली वाट कोरडी ठणठणीत. साहेब खाली वाकून माती चिमटीत धरून बघू लागले. आईचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. एका झाडाखालचा गोल लहान का पडला, ते बघायला ती पुढे गेली होती.

सबसिडी मंजूर झाली, नळ्या राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यात तेच साहेब आसपासच्या शेतकऱ्यांना घेऊन आमच्या बांधावर आले. ते आठवलं की मी आजही ताठ बसते. एकाने वडलांना विचारलं, नळ्या किती खोल घातल्या?

वडलांनी तोंड उघडायच्या आत साहेब आईकडे बोट दाखवत म्हणाले, "भाईने नहीं, बेनने पूछो."