भर वर्गातली कॅटेगरी

अन्याय झाला माझ्या बाकावरच्या शीतलवर. गेल्या सोमवारी, दुसऱ्या तासाला, हजेरी संपल्या संपल्या. ज्या सरांनी आमच्याकडून समतेचं पथनाट्य बसवून घेतलं, तेच सर शिष्यवृत्तीचे फॉर्म हातात घेऊन म्हणाले, "चला, कॅटेगरीवाल्यांनी उभं राहा."

शीतल उभी राहिली. बाकाची कड तिने घट्ट धरली होती. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, ही पण? वाटत नाही हां!" आणि सर हसले. आमचे सर! त्या नाटकात सगळ्यात मोठ्याने घोषणा देणारी मी शेजारी बसून राहिले.

"सोड गं, पहिलीपासूनची सवय आहे," शीतल खाली बसत म्हणाली.

घरी येऊन शब्दकोश उघडला. 'कॅटेगरी' हा शब्द मूळचा ग्रीक. तिथे त्याचा पहिला अर्थ 'प्रकार' नव्हताच. भर सभेत एखाद्यावर केलेला आरोप, हा होता. पुढे तत्त्वज्ञांनी तो वर्गवारीसाठी वापरला आणि शब्द सभ्य झाला. आता तो किराणा दुकानाच्या फळीवरही बसतो, फॉर्मच्या रकान्यातही. पण त्या सोमवारी बाकाची कड धरलेली ती बोटं पाहिली, तेव्हा सभा तीच होती आणि आरोपही तोच. गुन्हा काय, ते कुणीच सांगत नव्हतं.

तुमच्यासमोर कुणी ही हाक दिली, तर तिथल्या तिथे सांगा, "फॉर्म टेबलावर ठेवा, ज्याचा तो उचलेल." नाही ऐकलं, तर माझ्यासारखं बसून राहू नका. तिच्या शेजारी उभे राहा.