तडसाचं औषध

कारंज्यात माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचं औषध. गिऱ्हाईक माल थोडा नेतं, गोष्टी जास्त ठेवून जातं! त्यात मला मोबाइलवर नाहीशा झालेल्या जनावरांबद्दल वाचायचा नाद. मग काय, साठा वाढतच जातो.

*

एकदा थायलासिनचा फोटो दाखवला. ऑस्ट्रेलियाकडचं जनावर. लांडग्यासारखं तोंड, पाठीवर पट्टे, पोटाला पिल्लांची पिशवी. आता एकही उरलं नाही.

कामरगावचे शेषराव म्हणाले, "हे तं आपलं तडस हाय!"

"तडसाले पिशवी असते काय?"

"मंग हे पिशवी घेऊन कुठं चाललं होतं? बाजाराले?"

*

त्या पिशवीचं तोंड मागं! आणि नरालाही छोटीशी पिशवी. हे ऐकून माझी बायको आतून म्हणाली, "बाप्येबी पिशवी नेत होते? आमचे तं घरीच इसरून जातात!"

*

त्याहून जुना, तिकडचाच नाहीसा झालेला पिशवीवाला सिंह. अंगठ्याच्या नखानं शिकार धरायची आणि दाढांनी कातरायची.

"शेषराव, दाढा कशा? तुमच्या हातातल्या अडकित्त्यासारख्या!"

शेषरावांनी अडकित्त्याकडं पाहिलं, हळूच मिटला, अन् सुपारी अख्खीच तोंडात टाकली.

*

एक दिवस कामरगावच्याच पार्वताबाई आल्या. "शेटजी, तडसाले द्याचं औषध द्या."

आमच्याकडं कीटकनाशकालाही औषधच म्हणतात. मी विचारलं, "काऊन, आजारी हाय काय ते?"

"माह्या दोन शेळ्या खाल्ल्या त्यानं. मेलेल्या शेळीतच घालतो."

मी औषध काढलं नाही, मोबाइल काढला. थायलासिनवरही मेंढ्या मारल्याचा आळ होता. मारेल त्याला सरकार बक्षीस द्यायचं. शेवटचं पिंजऱ्यात मेलं. आता कवटी तपासून जाणकार म्हणतात, त्याचा जबडा मोठ्या मेंढीसाठी कमजोरच होता!

बाईंनी मोबाइल हातात घेऊन फोटो जवळून पाहिला. "मंग मेंढ्या कोनं खाल्ल्या?"

"कुत्र्यांनी, म्हणतात. काही चोरांनी."

"मंग पयले मी पायतो, माह्या कोन खाते ते."

*

आठ दिवसांनी बाई परत आल्या. मी खुशीत विचारलं, "कुत्रे निघाले ना?"

"नाही. तडसच होतं."

मी गारच झालो! आता ही औषध मागणार.

"फटफटलं होतं. पांदनीत समोरासमोर आलो. त्याचं तोंड माह्या शेळीच्या रक्तानं लाल, माह्या हाती कुऱ्हाड. एवढ्या जवळून पट्टे मोजता आले असते, शेटजी! ते हलेना, मीबी हलेना. पांदन एका मानसाची."

"मंग?"

"मंग काय! मीच काट्यात सरकली. म्हनलं, जाय माय, पयले तू जाय."