ठिपक्यांच्या बाई

आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या ठिपकेबाई चष्मा कपाळावर सरकवून पडद्यावरचे तीस हजार ठिपके असे न्याहाळत, की यंत्राला घाम फुटायचा. यंत्राच्या आधी त्या निकाल सांगत. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं तर पुष्कळ आहे.

शिकवायच्या मात्र अगदी सोपं. काचेच्या चिपवर प्रत्येक ठिपका म्हणजे एक जनुक. रोगी पानातले जनुकांचे निरोप लाल रंगवायचे, निरोगी पानातले हिरवे, आणि दोन्ही एकत्र चिपवर सोडायचे. ज्याचा निरोप जास्त, त्याचा रंग ठिपक्यावर. सारखे असले तर पिवळा. "काच खोटं बोलत नाई गा," त्या म्हणत. "पण तू इचारलं तेवढंच सांगते."

मी पारशिवनीकडच्या बागेतून संत्र्याची पानं आणली होती. चिपवर शेकडो ठिपके हिरवेगार. रोगाने एवढी जनुकं झोपवली, हा माझा शोध शुक्रवारी माझे मार्गदर्शक सर परिसंवादात मांडणार होते. मी तर नावामागे 'डॉ.' लावून सहीसुद्धा गिरवून ठेवली होती.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "निरोगी पानं दुपारी तोडले का?"

मी गार. सकाळी सातला रोगी झाडं उरकली, मग बागमालकाने जेवायला बसवलं, पाटवडीचा रस्सा चापला आणि निरोगी झाडांकडे वळलो तेव्हा एक वाजला होता.

"मॅडम, तुमाले कसं समजलं?"

"हे हिरवे ठिपके पाह्य. सारे उन्हापासून पान वाचवणारे. तू रोग नाई मोजला, ऊन मोजलं."

"पण शुक्रवारी कोणाच्या ध्यानात येते?"

"माह्या आलं नं."

मी सरांना सांगितलं. शुक्रवारचं मांडणं रद्द झालं आणि त्या आठवड्यात प्रयोगशाळेत फक्त फ्रीज बोलत होता. चिप्सही संपल्या होत्या. निवृत्तीला दोन महिने उरलेल्या बाईंनी कपाट उघडलं आणि स्वतःच्या प्रयोगासाठी राखलेल्या चिप्स माझ्यापुढे ठेवल्या.

या खेपेला एकाच सकाळी एक रोगी झाड, एक निरोगी, अशी पानं तोडत गेलो. शेकडोंपैकी अकराच जनुकं उरली. बाईंनी चष्मा पुन्हा वर सरकवला. "हे असू शकते," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक कुणी ऐकलेलं नाही. "आता ते पहिलं फसलेलं बी छाप. लपवू नोको."

छापलं. माझ्या प्रबंधातलं तेवढंच फसलेलं प्रकरण नवी मुलं झेरॉक्स काढून नेतात.

बाईंचा प्रयोग मात्र राहूनच गेला. त्यांना त्या काचेला काय विचारायचं होतं, हे विचारायचं माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.